सिझनचं भाडं

सोमवार. भाऊबीज होऊन गेली.

दिवाळीआधी नांदेडहून लेकीचा फोन आला होता. "बाबा, आईचं शिलाई मशीन पाठवलं नाय अजून?"

म्हणलो, "सिझन हाय. ट्रान्सपोर्टवाले जास्तीचं भाडं लावतेत. उतरलं की पाठवतो."

खोटं नव्हतं. पण ते भाडं मला जड होतं का? ही गेल्यापासून रोज संध्याकाळी मशीनला तेल देतो, पायडल रिकामंच चालवतो. घरात तेवढाच आवाज.

आज गारखेड्यात ट्रान्सपोर्टवाल्यानं आपणहून हाक मारली. "काका, भाडं उतरलं. आणा मशीन."

मी काय विचारावं? "लग्नसराईत परत वाढतं का?"

"व्हय, तुळशीचं लग्न झालं की."

म्हणजे थोडेच दिवस टाळायचं. घरी येऊन मशीनला तेल दिलं.