डॉक्टरीणबाईंनी घेतलेली झडती

दोंडाईचा, ९ जून २०२५

ति. प्रमिलाअक्कास,
धाकट्या उखर्डूचा सा. न. वि. वि.

फोनवर बोललं की बठ्ठं घर ऐकतं, म्हणून पत्र. माझ्या भूपेंद्रच्या पोराला, नवीनला खोकला होता, म्हणून सूनबाई मयुरी आणि मी त्याला धुळ्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि मग सुरूच झाल्या. ठिबकच्या नळ्या धुवायचं ॲसिड कुठे ठेवता, फवारणीचं औषध कुठे, पोरावर कोणी हात उचलतं का! अक्का, आम्ही खोकला दाखवायला गेलो होतो, झडती द्यायला नाही.

विचारलं मयुरीला, पण मी बसलेला असताना सून काय बोलणार? मीच ठणकावून सांगितलं की आमचं घर खानदानी आहे, सगळं कुलपात असतं. मयुरी मान खाली घालून बसली होती.

तब्येत सांभाळ, माया राहू दे.
तुझा उखर्डू

जळगाव, १६ जून २०२५

चि. उखर्डूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून पोट धरून हसले. अरे, तुझ्या खानदानी घराच्या मोरीत गेल्या महिन्यात मी पाण्याच्या बाटलीत ॲसिड पाहिलं. वर मिनरल वॉटरचं लेबल तसंच! विचारलं तर म्हणालास, घरच्यांना ठाऊक आहे. तीन वर्षांच्या नवीनलाही ठाऊक आहे का रे? मयुरी बिचारी बाटली माळ्यावर ठेवते आणि तू हाताशी हवी म्हणून खाली आणतोस, हे तिने मला हळूच सांगितलं होतं.

डॉक्टरला पोराचा घसा दिसतो, तुझी मोरी दिसत नाही. म्हणून विचारावं लागतं. एकदा जळलेला घसा काही खोकल्याच्या औषधाने बरा होत नाही, बाबा. पुढच्या खेपेला तू तोंडाला कुलूप लाव. तेवढं एक तरी कुलूप घरात असू दे.

राग आला तर गिळ, पण पत्र धाड.
तुझी अक्का

दोंडाईचा, ३० जून २०२५

ति. अक्कास सा. न. वि. वि.

राग आलाच. तरी बाटली शेतातल्या खोलीत कुलपात ठेवली.

काल पुन्हा धुळ्याला गेलो. मी हट्टाने गप्प बसलो. बाईंनी तेच विचारलं आणि मयुरी बोलायला लागली ती थांबेना. शेवटी म्हणाली की पोराला मांडीवर घेऊन ट्रॅक्टर चालवतात, तेव्हा तिच्या घशाखाली घास उतरत नाही. कोण चालवतं, बाईंनी विचारलं. माझ्याकडे न बघता तिने आबा म्हणून सांगितलं. भर दवाखान्यात माझी अब्रू काढली म्हणून मी घरी येईपर्यंत तिच्याशी बोललो नाही.

आज सकाळी ट्रॅक्टर सुरू केला तर नवीन धावत आला, दोन्ही हात वर करून. उचलणारच होतो. तेवढ्यात ओट्यावर मयुरी दिसली. नुसती उभी होती. मी मागे वळून माती फोडणाऱ्या रोटाव्हेटरची फिरती पाती पाहिली. इतकी वर्षं चालवतो, पण त्या पात्यांची भीती मला आज पहिल्यांदा वाटली. इंजिन बंद केलं, खाली उतरलो आणि पोराला तिच्याकडे दिलं. त्याने रडून घर डोक्यावर घेतलं. मी गोठ्यामागे जाऊन रडलो.

लोभ आहेच, बोलणीही येऊ देत.
तुझा उखर्डू