ब्राह्मीच्या पुड्या

३ ऑगस्ट १९३६
सुरू! वैद्य दत्तोपंतांनी पुड्या दिल्या — ब्राह्मी, शंखपुष्पी, थोडं वेखंड. मोठे डॉक्टर म्हणाले होते, डोक्यातल्या रक्ताच्या नळ्या बुजल्या, आता बाबांची आठवण परत येत नाही. पाहू ना! कॉलेजात सायन्स शिकून राहिलो, हात बांधून बसू काय?
रोज सकाळी पुडीच्या आधी पाच सवाल. नाव काय? गाव कोणतं? आज वार कोणता? आई कुठे? मी कोण? मार्कांचा ग्राफ काढीन.
आज पाचापैकी दोन.

९ ऑगस्ट
दोनच. मैनाआत्या हसते — "बापाले झाडपाला चारून राहिला! इंग्रजी शाळेत हेच शिकवलं काय गा?"

१७ ऑगस्ट
एक. गाव तेवढं सांगतात — "उमरेड." आई कुठे म्हटलं, तर "मागासाठी सुताच्या कांड्या भरून राहिली." आईले जाऊन चार वर्षं झाली. चूक मांडली. मांडवत नव्हतं.

२२ ऑगस्ट
बाबांले मागावर बसवलं. वीतभर किनार विणली — एक धागा चुकला नाही! हातांले सगळं आठवते. याच हातांनी विणून विणून माझी फी भरली. मी जवळ गेलो. "मी कोण?"
बाबांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत दया होती. माझ्यावर कसली दया?

३० ऑगस्ट
शून्य.
दत्तोपंत म्हणतात, "ब्राह्मीले वेळ लागते, वसंत. धीर धर." कुठून आणू धीर? ग्राफ फाडला.

२ सप्टेंबर
आत्याले कांड्यांच्या टोपलीत पुड्या सापडल्या. साऱ्या! एकही उघडली नाही. बाबा रोज "मागून घेतो" म्हणत, अन् मी कॉलेजले पळत होतो.
"काहून लपवल्या गा, दादा?" आत्यानं विचारलं. मी दारातच उभा.
"त्या पोरासाठी ठेवल्या. रोज येते बिचारा, रोज तेच विचारते — मी कोण, मी कोण? एवढं तरणं पोरगं, त्याले सोताचं नाव आठवत नाही वं!"

३ सप्टेंबर
आज सवाल नाही विचारले. बाबांनीच पुडी पुढं केली. मी खाल्ली. कडू!
"आठवलं काय गा?"
"हो. वसंत."
"बेस नाव हाय," म्हणाले. "कोणं ठेवलं?"