खळ घातलेला पट्टा

क्रेफर्ड, मंगळवार,
१४ मे १८८९

बाळ एमस,

आईचे आशीर्वाद. गुडघा बरा आहे, तांबडी कोंबडी पुन्हा अंडी घालते. माझे शब्द पुढं पळतात नि हात मागं राहतो, तेव्हा सांभाळून वाच. आधी हे सांगते, तुझ्या लेकीची नोकरी शाबूत आहे. आता स्वस्थ बस.

हेस्टरनं तुला कळवलंच होतं, की चाचणीत नवी बंदूक अडली नि मुकादम पार्जेटर तिला म्हणाला, "खण आवळून शिवलेस, शनिवारपासून येऊ नकोस." काडतुसं खोवलेला कापडी पट्टा ही बंदूक आपणच आत ओढते नि झाडत सुटते. पट्ट्याचे खण आपली पोर शिवते. चार दिवस ती जेवली नाही. मी कांदे घालून मटण केलं, कांदे यंदा गोड आहेत.

आता कांदे पुरे. चाचणीआधी तो पट्टा तिनं शेवटचे टाके घालायला घरी आणला होता, तेलानं काळा. साहेबांपुढं मळका कसा न्यायचा, म्हणून ती चर्चला गेल्यावर मी तो उकळत्या पाण्यात घातला नि कडक खळ दिली. तुझ्या बाबांच्या कॉलरसारखा दिसत होता. कापड आटलं असेल हे नंतर सुचलं, तेव्हा तोंड उघडेना.

शुक्रवारी टोपी घालून कारखान्यात गेले.

"मुकादम, पट्टा मी धुतला. खळ पण घातली."

तो खालीच बसला. "इस्त्री राहिली का, म्हातारबाई?"

"केली ना."

तो पोट धरून हसला, मग ताडकन उठला. कोरा पट्टा बादलीत बुडवून बॉयलरपाशी वाळवला. तोही आटला. "म्हणजे पावसात भिजला असता तरी अडलाच असता," तो म्हणाला. आता कापड आधी भिजवून, आटवून मगच शिवतात, नि ते काम हेस्टरकडे आहे.

हेस्टर म्हणाली, "आजी, तू? आणि वर मला मटण वाढत होतीस?" दोन दिवस अबोला होता. काल माझ्या ताटातला बटाटा उचलून खाल्लान. बरं वाटलं.

तुमच्या ब्रह्मदेशात आता पाऊस लागेल. कधी ही बंदूक तुझ्या पलटणीत तुझ्या हाती आली नि भिजूनही अडली नाही, तर लेकीची आठवण काढ.

चार दिवस गप्प बसलेली,
तुझी आई