लाल ठिपका, बर्व्यांसाठी

५ मार्च २००६, रवि.
नेमबाजीतल्या दुसऱ्या नंबरच्या कपाची खरी किंमत: सहा रविवार, भाचीचं डोहाळजेवण, बायकोचा, सुलभाचा, चार दिवस अबोला. वर बर्व्यांचा तो शेरा. क्लबात कानाला इलेक्ट्रॉनिक मफ्स लावतो, ते गोळीचा आवाज दाबतात आणि कुजबुज मोठी करतात. बर्व्यांना पत्ता नाही. मागे क्लबातल्या कुलकर्ण्याला म्हणाले, "काकांनी आता पेट्रोल पंपच सांभाळावेत यार." माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, आणि मी काका! हा न्यूरॉलॉजिस्ट, मेंदू-नसांचा डॉक्टर म्हणून रिटायर झालेला माणूस. मी पंपावर गाड्यांच्या काचा पुसत वर आलो.
हसून त्यांना कॉफी आणून दिली. मेच्या मॅचला वसूल करतो. हात अजून दगड आहे माझा. गडबड नजरेची, नेम धरायची नळीच्या टोकावरची माशी धूसर दिसते. दोन्ही पिस्तुलांवर रेड डॉट बसवायचे. काचेतून बघायचं, लाल ठिपका टार्गेटवर ठेवायचा, संपलं.

११ मार्च
इथे व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नजवळचा गनस्मिथ, बंदुका दुरुस्त करणारा: "पिस्तुलावर? रायफलवर लाव की." दुसरा म्हणाला, नऊ महिने थांब. नऊ महिने बर्वे मिशीत हसणार.

१ एप्रिल
तिसऱ्याने लहान पिस्तुलाला डॉट बसवायला भोकं पाडली, ती पण वाकडी. डॉट डावीकडे बघतोय. तोंडभर थँक यू म्हणून आलो. चेहरा लक्षात ठेवलाय.

९ एप्रिल, रवि.
बर्वे: "काय काका, पिस्तूल कुठाय?"
"सर्व्हिसिंगला."
"आणि तुम्ही कधी जाताय?"
सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी.

२२ एप्रिल
वेस्ट व्हर्जिनिया, अडीच तास ड्राइव्ह. हँक, सत्तरीचा, घरामागे शेड. वाकडी भोकं बघून तिसऱ्याला अशी शिवी घातली की जिवाला गार वाटलं. दोन्ही पिस्तुलं ठेवून घेतली.

६ मे
आणली. काम एक नंबर. निघताना हँक: "ठिपका नाचला तर मला फोन करू नकोस."
बर्व्यांचं तोंड डोळ्यांसमोर आणत घरी आलो. वाटेत गाणी म्हटली.

१३ मे
नाचतो. बॅटरी बदलली, तरी नाचतो. हँकला फोन केलाच. "पिस्तूल टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात पकड आणि बघ," म्हणाला, फोन ठेवून दिला.

१५ मे
सु. म्हणाली, "दोन महिने झाले, सकाळी तुमचा कप बशीवर वाजतो. बर्व्यांना दाखवा हात."
"त्यांना? मेलो तरी नाही."
माझे एवढे तिखट कान. बशी ऐकूच आली नाही.

२० मे
मॅच उद्या. बर्व्यांचा फोन, "काका, येताय ना? तुमच्याशिवाय मजा नाही." येतो म्हटलं. पुढे तोंडाशी आलं होतं, डॉक्टर, जरा एक...
ठेवला फोन.
संध्याकाळी गराजमध्ये पिस्तूल शिकंज्यात पकडून बघितलं. दोन्ही पिस्तुलं, आळीपाळीने. शिकंज्यात ठिपका हलत नाही. माझ्या हातात हलतो.