नव्याण्णव ताप आणि फलाट नऊ

तीर्थरूप मामांना,

पायाशी नाक टेकवून नमस्कार (ते सध्या तेवढ्याच कामाचं उरलंय). मामींचे गुडघे जिना चढू देतात का? तुमच्या दवाखान्यात गर्दी असेलच. ती अशीच राहो असं म्हणवत नाही, पण तुम्ही समजून घ्याल. इकडे सर्व क्षेम. फक्त मी आजारी आहे. म्हणजे आहे की नाही हेच ठरत नाही, आणि त्यापायी नोकरी जायची वेळ आलीय.

झालं असं, की सोमवारी सकाळी नाक चोंदलं आणि अंग कणकणलं. थर्मामीटर लावला तर नव्याण्णव. शंभर असता तर माणूस उजळ माथ्याने झोपला असता. अठ्ठ्याण्णव असता तर मुकाट्याने कामावर गेला असता. नव्याण्णव म्हणजे ना धड आजार, ना धड तब्येत. आई म्हणाली, एवढ्याशा तापाला कोणी ताप म्हणत नाही. ही म्हणाली, तुमचं तुम्ही ठरवा (लग्नाला अकरा वर्षं झाली, या वाक्याचा मला अजून थांग लागलेला नाही), आणि आपल्या शाळेत शिकवायला निघून गेली. मी एक बूट घालून अर्धा तास बाकावर बसलो. घरी राहावं तर साहेबांचा फोन येणार आणि मला त्यांना पटेल असं खोकावं लागणार. ते मला कधीच जमलेलं नाही. शेवटी दुसरा बूट घातला. तिथेच घात झाला.

बसस्थानकावर घोषणा करणं हे माझं काम, हे तुम्हाला ठाऊकच आहे. चोंदलेल्या नाकातून ‘न’ निघत नाही, ‘द’ निघतो, हे मला त्या दिवशी कळलं, आणि माझ्याआधी प्रवाशांना कळलं. मी जीव तोडून तीनदा सांगितलं, फलाट क्रमांक नऊ. बाहेर ऐकू गेलं ‘दऊ’. निम्मे लोक दोनवर धावले, निम्मे दहावर. नऊवर जाऊन बसले ते एकटे एक आजोबा, कारण त्यांना ऐकूच येत नाही. ते फळा वाचून गेले. त्यांच्या बायकोचे कान तिखट. त्या माझं ऐकून दहावर गेल्या, गर्दीत चढल्या, आणि नवरा पुढे बसला असेल अशा समजुतीत दोन तास भलत्याच दिशेला गेल्या.

संध्याकाळी आजी परत आल्या आणि माझ्या खिडकीशी उभ्या राहिल्या. आजोबा मुलीकडे सुखरूप पोहोचल्याचा फोन तोवर आला होता. मी मान खाली घालून शिव्यांची वाट पाहत होतो. आजींनी माझ्याकडे नीट बघितलं.

“सकाळीच वाटलं होतं, बोलणाऱ्याला बरं नाहीये,” त्या म्हणाल्या. “तुला घरी कोणी थांब म्हणालं नाही का रे?”

मामा, त्या खिडकीत बसून मी रडलो. मायक्रोफोन चालू होता. सगळ्या स्थानकाने ऐकलं, आणि यावेळी एकालाही चुकीचं ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेमो हातात पडला. आजारी होता तर कामावर का आलात? आणि आजारी नव्हता तर अशी घोषणा का केलीत? दोन्हींचं उत्तर शुक्रवारपर्यंत लेखी द्यायचंय. एक दिलं की दुसऱ्यात अडकतो. पोटात अन्न जात नाही, आणि त्याचंही कारण ताप की मेमो, सांगता येत नाही.

तुमचा अभागी भाचा

ता. क. – खरं काम राहिलंच. तुमच्या सहीशिक्क्याचे दोन दाखले पाठवाल का? एकात मी सोमवारी अंथरुणाला खिळलेला असावा, दुसऱ्यात ठणठणीत. साहेबांचा चेहरा बघून कोणता द्यायचा ते ठरवेन.

ता. क. २ – हिने पत्र वाचलं. म्हणते, दाखले मागू नका, मामांना खरं काय ते सांगा आणि साहेबांनाही तेच सांगा. मामा, खरं काय ते तुम्हीच कळवा. मी लगेच सांगतो.