ताईच्या अकरा सूचना

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा लांबूनच नमस्कार (जवळ असतो तर तू आधी कान धरला असतास). गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला थांबला का? मी धडधाकट आहे. फोनवर तू वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र.

हा प्रवास धड पार पडला, तर यापुढे मला एकट्याला कुठेही जाऊ द्यायचं, असं आपलं ठरलंय (वय वर्षे एकावन्न, पण असो). म्हणून तुझ्या अकराही सूचना खिशात घेऊन फिरतोय. पैसे दोन ठिकाणी ठेवले, कागदांच्या प्रती वेगळ्या ठेवल्या. स्टेशनवर एक आजोबा हाका मारत मागे लागले, तर वळूनसुद्धा पाहिलं नाही (माझी पडलेली छत्री द्यायला येत होते, हे गाडी सुटल्यावर खिडकीतून दिसलं. ती आता त्यांच्याकडेच आहे).

सातवी सूचना, लॉजच्या खोलीत शिरताच कुलूप तपासणे. अगं, तीस वर्षं कुलपं दुरुस्त करणाऱ्याला हे सांगायचं नसतं. मी ते अख्खं उघडलं. वर ठसठशीत ‘चार लिव्हर’ कोरलेलं, आत तीनच (लिव्हर म्हणजे किल्लीने उचलली जाणारी आतली पट्टी; जितक्या जास्त, तितकं कुलूप पक्कं). चौथी गेली कुठे? की कधी नव्हतीच? मला चैन पडेना. समोरच्या दाराचंही असंच आहे का, एवढंच बघायला मी भरदुपारी स्क्रूड्रायव्हर घेऊन तिथे वाकलो, आणि आतल्या बाईंनी दार उघडलं.

पुढचा अर्धा तास मी जिन्यात भिंतीला पाठ लावून उभा होतो. पुढ्यात लॉजची मालकीण, इस्त्रीवाला आणि झाडू घेतलेल्या त्या बाई. भीती वाटलीच, खोटं कशाला बोलू. पण गंमत बघ, ज्या अनोळखी माणसापासून जपून राहायचं होतं, तो इथे मीच निघालो. मालकिणीने माझी पिशवी उपडी करायला लावली. त्यात तुझी यादी निघाली. ती तिने पहिल्या सूचनेपासून अकराव्या सूचनेपर्यंत मोठ्याने वाचली आणि म्हणाली, “हा चोर नाही. हा नुसताच बावळट आहे.”

मग तिनेच सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या हातात दिल्या. मी नऊ कुलपं उघडली, साफ केली, तेल घातलं. चौथी लिव्हर एकातही नाही. इतकी वर्षं सगळे नुसत्या कोरलेल्या अक्षरांच्या भरवशावर निवांत झोपतायत, याचं मला राहून राहून नवल वाटतंय. समोरच्या खोलीतल्या त्याच बाईंनी चहा दिला. मी न तपासता प्यायलो (सूचना पाचवी, माफ कर).

तुझा सुखरूप,
धाकटा

ता. क. मालकिणीच्या भावाच्या गावी याहून जुनी कुलपं आहेत म्हणे. आणखी दोन आठवडे जाऊ ना? ठरल्याप्रमाणे तू अडवायचं नाहीस.

ता. क. दुसरा. पिशवी उपडी केली तेव्हा सगळं निघालं, फक्त माझ्या घराची किल्ली निघाली नाही. निघताना दारात उभा राहून मी तुझी नववी सूचना वाचत होतो, ‘घर नीट बंद करणे’. तेवढ्यात रिक्षा आली. घर बंद आहे, किल्ली बाहेरून कुलपालाच आहे. तेवढी काढून आण. (फोन त्यामुळेच केला नाही.)