लाल सुतळी

॥ श्री ॥
उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
६ जुलै २०२४

ती. स्व. काकांस,
सुदर्शनचा सा. न. वि. वि.

परवा काकूंनी फोन तुमच्या कानाला लावला, तर तुम्ही मलाच दोनदा विचारलंत की कोण, साहेबराव का. तेव्हाच ठरवलं, आता आपलं पत्रच बरं. कानाचं यंत्र तुम्ही डब्यात घालून ठेवलंय, हेही कळलं.

बातमी चांगली आहे. मांस परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीनं आपले चाळीस रेडे घ्यायचं कबूल केलंय. बारा सप्टेंबरला ट्रक येईल. प्रत्येक रेडा साडेतीनशे किलोच्या वर हवा, अंगावर जखम नको, आणि त्याआधी गोठ्यात कसलाही रोग निघायला नको. निघाला तर सगळा लॉट परत. हा पास झाला तर दर तीन महिन्यांनी आपलाच माल जाईल आणि मला दुकानातली नोकरी सोडता येईल. मक्याचा भरडा दर आठवड्याला थोडाथोडा वाढवा, एकदम नको. आणि हात जोडून सांगतो, बाजारात गिऱ्हाईकाला जनावराचा दोष आधी सांगायची तुमची सवय या कंपनीपुढं आवरा.

काकूंना नमस्कार. राग नसावा, माया असू द्यावी.
तुमचा,
सुदर्शन


मळा, ता. सिल्लोड
१५ जुलै २०२४

चि. सुदर्शन यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या काकूनं मला द्यायच्या आधी स्वतः वाचलं. तू लॉट म्हणतोस, मी जनावरं म्हणतो, एवढाच काय तो फरक. डेअरीवाले ही रेडकं दुधाविना मरायला सोडतात. माझ्याकडं निदान दीड-दोन वर्षं पोटभर खातात. पुढचं मला ठाऊक आहे, मी काही भोळा नाही.

भरडा वाढवलाय. मुरघास लई आवडीनं खातात. गावात मात्र गेल्या आठवड्यात पिसाळलेलं कुत्रं फिरत होतं. शेजारच्या साहेबरावाच्या गाईला चावलं. आपल्या गोठ्यात आलं नाही, असं आपला गडी कडुबा सांगतो. आपल्याकडं कपाळावर पांढरा ठिपका असलेला जो रेडा आहे, त्याच्या नाकपुडीला जखम झाली आहे. तारेनं फाटली म्हणे. मी शिंगाला लाल सुतळी बांधून त्याला वेगळा काढला. तुला आपली रीत ठाऊक आहेच, सुतळी असेपर्यंत जनावर विकायचं नाही आणि सुतळी सोडायची ती मीच. गुरांच्या डॉक्टरांना दाखवून घेतो.

वेळेवर जेवत जा. तुझी आठवण काढणारा,
आप्पासाहेब


उस्मानपुरा
१९ जुलै २०२४

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं आणि लगेच लिहायला बसलो. कडुबाशी फोनवर सविस्तर बोललो आहे. जखम तारेचीच आहे. त्याला हळद लावायला सांगितली आणि सुतळी सोडून रेडा परत दावणीला बांधायला सांगितलं. कंपनीचा माणूस अधूनमधून येणार, त्याला लाल सुतळी दिसली तर शंभर प्रश्न विचारील. डॉक्टरांना बोलवायची गरज नाही, ते कागदावर काहीबाही लिहून ठेवतात. तुमची रीत मोडली याचा राग माझ्यावर काढा, कडुबावर नको.

आपला,
सुदर्शन


मळा
२८ ऑगस्ट २०२४

चि. सुदर्शन यास आशीर्वाद.

सुतळीवरून मी महिनाभर तुला लिहिलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. आज लिहितो, कारण ठिपक्याचा रेडा काल मेला.

चार दिवस त्यानं खाणं सोडलं होतं. तोंडातून लाळेच्या तारा, पाण्यात तोंड घालायचा पण घोट उतरत नव्हता. तुझी काकू म्हणत होती, त्याचा आवाज बसलाय, घोगरा ओरडतो. मी म्हटलं, मला तर सगळ्या जगाचाच आवाज बसलेला आहे. मला वाटलं, दाणे काढलेलं मक्याचं बुरकुंड घशात अडकलं. कडुबा जवळ यायला तयार होईना, हल्ली फार भित्रा झालाय. मग मीच कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. काही लागलं नाही. दाढेनं मनगट चांगलंच सोलवटलं. तिसऱ्या दिवशी त्याचे मागचे पाय गेले.

आज त्याला बांधापाशी पुरलं, तरी डॉक्टरांना कळवावं असं माझ्या मनात आहे. तुझं काय मत, ते कळव. जीव हळहळतो रे.

तुझा,
आप्पासाहेब


उस्मानपुरा
३० ऑगस्ट २०२४

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

वाचून वाईट वाटलं. घशात अडकूनच गेला असणार. डॉक्टर नकोत, ट्रकला तेराच दिवस उरलेत. कडुबाला त्या खड्ड्यावर चुना टाकून आणखी माती ओढायला सांगितलंय. एकोणचाळीस चालतील, मी कंपनीशी बोलतो.

एक मात्र ऐका. मनगटाला लागलंय, तर दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्या. आळस करू नका. माझी शपथ आहे.

काळजीत असलेला,
सुदर्शन


मळा
१६ सप्टेंबर २०२४

चि. सुदर्शन यास आशीर्वाद.

ट्रक गेला. एकोणचाळीसही जनावरं मुकाट चढली. तुझी काकू चुलीपाशी बसून राहिली, बाहेर आली नाही. कंपनीचा माणूस खूश होता. तू बजावलं होतंस म्हणून मी तोंड उघडलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा.

तुझ्या शपथेखातर सिल्लोडला जाऊन इंजेक्शनही घेतलं. तिथल्या डॉक्टरांनी कशानं लागलं विचारलं, मी म्हटलं, रेड्याच्या दातानं. त्यांनी धनुर्वाताचं दिलं. एकच. जखम सुकली. पोरगं एवढ्या लांबून काळजी करतं, हे मी साहेबरावालाही सांगितलं.

सुखी राहा.
आप्पासाहेब


उस्मानपुरा
२१ सप्टेंबर २०२४

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. लॉट पास झाला. डिसेंबरसाठी पन्नास मागितलेत. वजनात भरत आलेले रेडे बाजारातून आणायला दसऱ्यानंतर येतो. जखम सुकली हे बरं झालं.

आपला,
सुदर्शन


सोयगाव
६ नोव्हेंबर २०२४

सुदर्शनदादास,
सुरेखाचा नमस्कार.

फोनवर बोलले असते तर शब्द फुटला नसता, म्हणून लिहिते आहे. आप्पांचे दिवस उरकून कालच सासरी आले. येताना त्यांच्या ट्रंकेतली तुझी सगळी पत्रं आणली. तारखेवार लावून वाचली.

आप्पांच्या मनगटाला दसऱ्यानंतर मुंग्या यायला लागल्या. मग एका सकाळी चहाचा घोट घशाखाली उतरेना. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तर त्यांचं सारं अंग आवळून आलं. दवाखान्यात डॉक्टरांनी कुत्र्याबद्दल विचारलं तेव्हा तू तिथं होतास. तू भिंतीकडं पाहिलंस. बोलला कडुबा.

त्यानं मला नंतर सगळं सांगितलं. कुत्रं गोठ्यात शिरलं होतं, रेड्याच्या नाकाला चावलं होतं आणि त्याच दिवशी त्यानं तुला फोन केला होता. तारेचं कारण तू शिकवलंस. आप्पा इंजेक्शनला निघाले तेव्हा त्याला वाटलं, तू पत्रात सगळं कळवलंस आणि हे कुत्र्याचंच इंजेक्शन. म्हणून तो गप्प राहिला. तो रोज ओट्यावर येऊन रडतो. त्याला मी काय बोलू? पण आई सांगते, तुला तर आप्पांनीच लिहून कळवलं होतं की धनुर्वाताचं दिलं, एकच. त्यानंतर तुझ्या हातात पूर्ण महिना होता, दादा. एका ओळीचं काम होतं.

तुझा बाप गेला तेव्हा आप्पांनी माझ्याआधी तुला शाळेत घातलं. मी कधी हेवा केला नाही. आता करते.

आई, कडुबा आणि मी कुत्र्याची इंजेक्शनं घेतो आहोत. डिसेंबरच्या मालासाठी कंपनीचा माणूस दिवाळीनंतर मळ्यात आला होता. आईनं त्याला पाट दिला, पाणी दिलं आणि त्यानं काही विचारायच्या आत सगळं सांगून टाकलं. पाणी तसंच ठेवून तो उठला. तुझं कंपनीचं काम गेलं असेल. मला त्याचं वाईट वाटत नाही.

तू येऊ नकोस असं आई म्हणत नाही. मी म्हणते.

आणखी एक सांगायचं राहिलं. तू दवाखान्यातून लवकर निघालास, म्हणून तुला ठाऊक नाही. तू गेल्यावर आप्पांना थोडा वेळ शुद्ध होती. त्यांनी नर्सबाईंना जवळ बोलावलं, दाराकडं बोट केलं आणि सांगितलं की आत्ता गेला तो माझा पुतण्या, त्यानंच शपथ घालून मला इंजेक्शन घ्यायला लावलं होतं.

सुरेखा